अण्णांची चोच

बंदुकीच्या खेळात एकाही माणसाला न मारता नाव काढलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे आणि तो सांगलीत हळदीचा व्यापार करतो, असं मी छातीठोकपणे सांगू शकते. एरवी छातीठोकपणे काही सांगण्याचा माझा स्वभाव नाही. पण हे माझ्या मैत्रिणीचे वडील आहेत, तिच्याबरोबर मीही त्यांना अण्णाच म्हणते, आणि त्यांचा पराक्रम मी त्यांच्या शेजारी उभी राहून, बहुतेक वेळा त्यांच्या शेजारी आडवी पडून, पाहिलेला आहे. खेळ मोबाइलवरचा. चौघाचौघांच्या टीम विमानातून एका ओसाड बेटावर उतरतात, पडक्या घरांतून हत्यारं गोळा करतात आणि एकमेकांना संपवत सुटतात. चहूबाजूंनी विषारी धुराचं कडं आवळत येतं आणि शेवटी जी टीम उरते ती जिंकते. खेळणाऱ्याच्या नावापुढे त्यानं आजवर किती जणांना मारलं तो आकडा झळकतो, आणि पोरं तो आकडा वाढवण्यासाठी जेवणखाण विसरतात. अण्णांच्या नावापुढे शून्य होतं. लोक घराण्याची अब्रू सांभाळतात तसं ते शून्य अण्णा सांभाळत होते.

मी सांगलीत शिकत असताना त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. शिक्षण संपलं, मी साताऱ्याला घरी आले, मैत्रीण नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. रोज फोन केला की अण्णा "जेवलीस का?" विचारायचे आणि ती "हो" म्हणाली की पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. म्हणून एका सुट्टीत तिनं हा खेळ त्यांच्या फोनवर घालून दिला आणि मलाही ओढलं. ती बेंगळुरूहून, मी साताऱ्याहून आणि अण्णा पेढीवरच्या गादीवरून, असे तिघं रोज संध्याकाळी त्या बेटावर भेटायला लागलो. चौथा भिडू खेळच कुठून तरी आणून द्यायचा. पहिल्याच दिवशी अण्णांच्या हातात आपोआप एक पिस्तूल आलं. ते म्हणाले, "हे खाली कसं ठेवायचं?"

"अण्णा, ठेवायचं नसतं ते. त्यानं मारायचं असतं."

"कुणाला?"

"समोर येईल त्याला."

"त्यानं माझं काय केलंय?"

अण्णांनी बटणं चाचपून चाचपून पिस्तूल एका विहिरीच्या काठावर ठेवलं आणि त्यानंतर कधी उचललं नाही. घर जैनांचं, आणि अण्णा त्या घरातही कडक. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत. हळद जमिनीखालीच येते की, असं कुणी चिडवलं तर "ती वाळलेली असती" एवढंच बोलून विषय बदलणार. हे सगळे नियम त्यांनी जसेच्या तसे बेटावर नेले. मारायचं नाही एवढ्यावर ते थांबले नाहीत. रस्त्यात सापडलेल्या गोळ्या त्यांनी आम्हालाही कधी दिल्या नाहीत, आणि आम्ही कुणाला टिपलं तर "शाब्बास" म्हणायचे नाहीत. मारणं, मारायला लावणं आणि मारलेल्याला बरं म्हणणं, तिन्हीचं पाप सारखंच, असं त्यांनी मला एकदा समजावलं. खेळात ताकद वाढवायला झाडाखाली अळिंबी उगवते, ती त्यांना चालायची नाही. मधाची बाटली तर ते ओलांडूनसुद्धा जायचे नाहीत, वळसा घालायचे. शक्तीचं पेय मात्र प्यायचे. सांगलीत दिवस मावळल्यावर बेटावर पेय प्यावं की नाही, हा प्रश्न काही दिवस त्यांना छळत होता. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "तिथं ऊन हाय की अजून," ते म्हणाले, आणि बाटली तोंडाला लावली.

मग ते करायचे काय, तर पडलेल्यांना उठवायचे. या खेळात गोळी लागलेला माणूस लगेच मरत नाही, थोडा वेळ रांगत राहतो, आणि तेवढ्यात साथीदारानं शेजारी बसून पट्टी बांधली तर पुन्हा उभा राहतो. अण्णांना हे कळलं त्या दिवशी त्यांना त्या बेटावर येण्याचं कारण सापडलं. सुरुवातीला ते समोरच्या टीमच्या जखमींपाशीही जाऊन बसायचे. तिथं बटणच येत नाही म्हटल्यावर त्यांना खेळ बनवणाऱ्यांचा राग आला. "ही काय रीत झाली? त्येंच्या हापिसात कुणाला तरी सांगायला पायजे." चौथा भिडू म्हणून येणारी मुलं पहिल्यांदा ओरडायची, "अंकल, शूट करो, शूट," आणि अण्णा आपल्या सांगलीच्या हिंदीत शांतपणे सांगायचे, "बेटा, हम मारता नहीं. तुम गिरो, हम आता है." कुणी पडला की ते खरोखरच जायचे, गोळ्यांच्या पावसातून, आडोसा न घेता, बाजारपेठेतून निघाल्यासारखे. वाटेत शत्रू दिसला तर "जय जिनेंद्र" म्हणायचे. माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेले आहेत. माझ्या खांद्यावरून त्यांनी एकदा हे पाहिलं आणि म्हणाले, "असा एक मेडिकलवाला आमच्यात होता. तो आला की निम्मं दुखायचं थांबायचं."

मैत्रिणीनं त्यांना एकदा पेचात पकडलं. "अण्णा, तुम्ही ज्याला उठवता तो उठून पुन्हा गोळ्याच मारतो. त्याचं पाप कुणाला?" अण्णा त्या दिवशी खेळले नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "पडलेल्याला पाणी देताना तू उठून काय करणार, असं विचारायचं नसतं." आणि खेळायला लागले.

एक गोष्ट सांगायची राहिली. पर्युषण संपलं की अण्णा ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून क्षमा मागतात. ही त्यांच्याकडची रीतच आहे, पण बाकीचे एक संदेश लिहून सगळ्यांना धाडून मोकळे होतात. अण्णा एकेकाला फोन लावतात. मीटरवरून ज्याच्याशी भांडण झालं होतं त्या वायरमनला लावतात, ज्यानं त्यांना ओल्या हळदीत फसवलं त्या अडत्यालाही लावतात. मला दरवर्षी येतो. "बाळ, वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असंल तर उत्तम क्षमा." मी इंग्रजी शाळेत शिकले, तिथं सॉरी हा शब्द बाकावरून पेन खाली पडलं तरी म्हणायचा असतो. अण्णांचा फोन आला की मी उठून उभी राहते.

तर अशा या माणसाला खेळात एक मुखवटा दिसला. नव्या सीझनचं, म्हणजे खेळाच्या नव्या पर्वाचं, बक्षीस होतं ते. काळपट कातड्याचा, डोळ्यांच्या जागी गोल काचा आणि पुढे हातभर लांब वाकडी चोच. मी तेव्हा दोन दिवसांसाठी सांगलीला गेले होते. अण्णांनी फोन माझ्यासमोर धरला, पडद्यावर नेहमीसारखी पिवळी बोटं उमटलेली होती. काकी, म्हणजे मैत्रिणीची आई, मागून डोकावल्या. "आवं, हे कावळ्याचं तोंड कशाला बघताय तिन्हीसांजेचं?"

मी त्यांना सांगितलं की फार पूर्वी युरोपात प्लेग आला तेव्हा काही डॉक्टर असा मुखवटा घालून रोग्यांकडे जायचे, चोचीत सुगंधी पाला भरलेला असायचा. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की त्या बिचाऱ्यांकडे औषध असं काही नव्हतं. फारसं कुणी बरं व्हायचं नाही.

"बरं न झालं तरी दारात कुणीतरी आलं की," अण्णा म्हणाले. मग त्यांनी चित्र बोटानं मोठं करून पाहिलं. "आमच्या गावात प्लेग पडला तवा समदं गाव रानात झोपड्या घालून राहिलं हुतं. आमचे पणजोबा न्हाई गेले. ज्यास्नी उठवत न्हाई अशी माणसं घरात राहिलेली, त्यास्नी पाणी पाजत फिरायचे. उपरण्याचं टोक नाकाला बांधायचं, बस. ह्या डाक्टरनं चोच बांधली. येवढाच फरक." आणि फोन खिशात ठेवत ते म्हणाले, "हे मला पायजे."

"घालून फायदा काय त्याचा?" काकींनी विचारलं.

फायदा काहीच नाही, हे मीच सांगितलं. गोळी अडत नाही, धूर लागायचा थांबत नाही. नुसता दिसायला.

"लग्नात फेटा बांधत्यात, त्यानं काय अडतं?" अण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

मुखवटा विकत मिळत नव्हता. सीझन संपायच्या आत ठरलेल्या संख्येइतक्या साथीदारांना जो उठवेल, त्यालाच तो मिळणार होता. संख्या भलतीच मोठी होती. ती पुरी करायला लोक आधी शत्रूला मारून मैदान मोकळं करायचे आणि मग निवांत पट्ट्या बांधायचे. अण्णांना तो रस्ता बंद होता. "मुखवटा पायजे, पण शून्यासकट पायजे," त्यांनी जाहीर केलं. मैत्रीण म्हणाली हे अशक्य आहे. अण्णांनी ऐकून घेतलं. गूळ-हळदीच्या धंद्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना अशक्य हा शब्द भाव पाडण्यासाठी वापरतात एवढंच माहीत असतं.

पेढीच्या गादीवर नेटवर्क तुटायचं. अण्णांनी गोदाम पालथं घातलं आणि शोध लावला की सगळ्यात चांगली रेंज हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर, अगदी पत्र्याला डोकं टेकेल तिथं येते. मग रोज जेवण उरकलं की शिडी लावून हा साठीचा माणूस थप्पीवर चढायचा. खाली काकी, "आवं, पडला तर तुमाला कोण उठवणार?" वरून उत्तर, "बोलू नगं, एक पडलाय." खाली उतरायचे तेव्हा भुवयांपर्यंत पिवळे झालेले असायचे.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच होती. मुखवटा मिळायला लोक पडायला हवेत, आणि लोक पडावेत अशी इच्छा करणं अण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आम्ही चांगलं खेळलो की त्यांना आनंदही व्हायचा आणि दिवसही वाया जायचा. मैत्रिणीला दया आली आणि एकदा तिनं मुद्दाम छपरावरून उडी मारून स्वतःला पाडून घेतलं. अण्णांनी तिला उठवलं आणि लगेच झापलं. "नाटक करून पडू नगं. परत केलंस तर तशीच सोडून जाईन." ते तसं सोडून गेले नसते, पण तिनं पुन्हा केलं नाही. तरीही आकडा मुंगीच्या पावलानं वाढत होता. चौथा भिडू म्हणून आलेली मुलं आता ओळखायला लागली होती. "अरे, डॉक्टर अंकल है अपनी टीम में," असं कुणी म्हणालं की मला उगाचच छान वाटायचं.

सीझनच्या शेवटच्या संध्याकाळी एकच उठवणं बाकी होतं. मैत्रीण ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेली, बाकी दोघे अनोळखी आणि ते लवकरच गारद झाले. मी बेटाच्या एका टोकाला, मोडक्या पेट्रोलपंपापाशी, वाळलेल्या गवतात गोळी खाऊन पडले. पाठीमागून धुराचं कडं येत होतं. अण्णा लांब टेकडीवर होते. पायी येऊन पोचणं शक्य नव्हतं. आणि त्यांच्या शेजारी एक जीप उभी होती.

अण्णा बेटावर गाडी चालवत नसत. "खाली कोण येईल सांगता येत न्हाई," हे त्यांचं कारण. सांगलीतसुद्धा ते स्कूटर अशी चालवतात की शेजारून चालणारा माणूस आधी पोचतो. पण त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे मुखवटा होता, सीझन संपत होता, आणि मी पडलेली होते. यातलं त्यांना सगळ्यात जास्त कशानं हलवलं ते मी विचारलेलं नाही. ते जीपमध्ये बसले आणि अखंड हॉर्न वाजवत, म्हणजे सगळ्या बेटाला वर्दी देत, टेकडी उतरले. मला जीप दिसायला लागली. मग ती गवतात एका जागी जराशी उडाली आणि पडद्यावर एक ओळ उमटली. अण्णांचं नाव, जीपचं चित्र आणि पुढे कुणा अनोळख्याचं नाव. गवतात कुणीतरी लपून पडलं होतं, ते जीपखाली गेलं आणि अण्णांच्या शून्याचा एक झाला.

जीप थांबली. अण्णा उतरले आणि त्या जागी जाऊन उभे राहिले.

"अण्णा," मी म्हणाले.

"थांब बाळ."

"अण्णा, मी पण मरतेय इथं."

तेव्हा ते धावत आले. शेजारी बसले, पट्टी बांधली, मी उभी राहिले. पडद्यावर सोनेरी चांदण्यांचा वर्षाव झाला आणि त्यातून तो चोचीचा मुखवटा गरगर फिरत खाली आला. पुढच्याच क्षणी धुरानं आम्हा दोघांनाही गिळलं.

"बाळ, ते काढता येतं का?"

"मुखवटा?"

"न्हाई. ते एक."

"नाही, अण्णा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काकींचा फोन. "काय केलंसा गं तुमी खेळात? उपास धरलाय त्येनी. हळदीचं पोतंच्या पोतं भिजलं तरी जेवणारा माणूस. म्हटलं, आवं, खेळातलं माणूस ते, खोटं. तर म्हणत्यात, माझी घाई खरी हुती." उपास एका दिवसात सुटला, पण चहात साखर परत आली नाही. ती त्यांनी सोडली होती, त्या माणसाची क्षमा मिळेपर्यंत.

आता त्याला शोधायचं माझ्याकडे आलं. नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांचा गुंता आणि शेवटी एक कवटी. खेळात त्याला मैत्रीची विनंती पाठवली, त्यानं नाकारली. अण्णा हिंदीत मजकूर सांगायचे आणि मी साताऱ्यातून त्यांच्या वतीनं तो पाठवायचे. "कल शाम को हमने आपको जीप से मारा. क्षमा करें." त्याला वाटलं आम्ही खिजवतोय. त्यानं जे उत्तर दिलं ते मी अण्णांना वाचून दाखवू शकत नव्हते.

"काय म्हणतोय?"

"म्हणतायत सध्या वेळ नाही."

"मग उद्या परत टाक."

उद्या परत, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही परत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अनोळखी माणसाच्या दारात रोज उभं राहायचं हे मला कधीच जमलेलं नाही, आणि अण्णांना त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मुखवटा त्यांच्या पेटीत तसाच पडून होता. एकदा घालून तरी बघा म्हटलं तर म्हणाले, "त्यो मिळालाय, पण अजून माझा झाला न्हाई."

शेवटी तो माणूसच कंटाळून माइकवर आला. कानपूरकडचा, कुठल्याशा कारखान्यात कामाला. आधी चिडून बोलत होता. अण्णांनी त्याला पूर्ण बोलू दिलं आणि मग सगळी हकीकत सांगितली, टेकडी, पेट्रोलपंप, मी, धूर. तो हसायलाच लागला. "अरे अंकल, हम तो उस टाइम चाय लेने गए थे. मोबाइल खटिया पे पड़ा था. हमको तो पता भी नहीं चला."

प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

अण्णांचा आवाज मात्र खाली गेला. "म्हंजे बेसावध माणसाला मारलं मी," ते मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, "बेटा, तब तो और गलत हुआ. तुम चाय को गया और हम ऐसा किया."

पलीकडचं हसू थांबलं. मग तो म्हणाला, "अंकल, माफ किया."

"दिल से बोला ना?"

"हाँ जी. दिल से."

त्या संध्याकाळी काकींनी चहात साखर घातली, आणि अण्णांनी मुखवटा घातला. थप्पीवर चढून त्यांनी आम्हा दोघींना बेटावर बोलावलं आणि गोल फिरून चारी बाजूंनी दाखवला. खाली साधा सदरा, वर ती हातभर चोच. पेढीवर बसलेल्या गरुडासारखे दिसत होते. मैत्रीण म्हणाली, "अण्णा, आता नवीन खातं काढू या. पुन्हा शून्यापासून." मला ते पटलं होतं.

"नवीन खातं काढलं म्हंजे झालेलं न झालं व्हय?" अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे एक. बघून बघून शाना हुईन."

मैत्रीण आताशा फारशी येत नाही, तिला काम वाढलंय. नवे सीझन येतात, नवे मुखवटे येतात, सोन्याचे, वाघाचे, आगीचे. मुलं ते बदलत राहतात. अण्णांनी चोच बदललेली नाही, आणि नावापुढचं ते एकही तिथंच आहे. आता गवतातून पायी जातानाही ते बघून बघून पाऊल टाकतात, त्यामुळे उठवणं मात्र पूर्वीइतकं होत नाही. परवा मी बेटावर अशीच लांब कुठंतरी पडले. धूर जवळ आला होता. दूर टेकडीवर काळी चोच दिसली, आणि तिच्या शेजारी उभी असलेली जीपही दिसली. "आलोच बाळ," अण्णा म्हणाले, आणि जीपला वळसा घालून चालायला लागले. ते पोचणार नाहीत हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं. तरी वाट सोडून ते कुठं वळले नाहीत, आणि मीही घाई करा म्हटलं नाही. धूर अंगावर येईपर्यंत मी गवतात पडून, ती चोच हळूहळू मोठी होताना बघत राहिले.